चालू ठेवा की!

आमचे थोरले साडू हे कोल्हापुरातले शेवटचे वचननिष्ठ गृहस्थ आहेत, असं मी अनेक ठिकाणी, विशेषतः ते समोर बसलेले असताना, सांगत आलो आहे. तोंडातून गेलेला शब्द त्यांनी मोडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. अडचण एवढीच की त्यांच्या तोंडातून जाणारे बहुतेक शब्द रागाचे असतात, त्यामुळं पाळायची वचनंही रागातच दिलेली असतात. मागं एकदा क्रिकेटचा सामना हातचा गेला तेव्हा 'ह्या टीव्हीम्होरं पुन्हा बसलो तर बापाचं नाव सांगणार न्हाई' असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हापासून ते टीव्ही उभ्यानं बघतात. बातम्या, कुस्ती, कीर्तन, सगळं उभ्यानं. पाहुण्याला वाटतं, घरमालक आता निघालेत, म्हणून पाहुणाही उठतो. एका जुन्या मित्राशी बिनसलं तेव्हा 'तुझ्या दारात पाण्याचा थेंब घेणार न्हाई' असं बोलून आले. पुढं त्या मित्राच्या नातवाचं जावळ निघालं, तर साडू सगळ्यांच्या आधी हजर. मटणाच्या पातेल्यापाशी उभं राहून आचाऱ्यावर ओरडले, पोटभर जेवले, पांढरा रस्सा तीनदा मागून घेतला, आणि काखेतली, घरून आणलेली बाटली काढून पाणी प्यायले. मी नुसतं रश्श्याच्या वाटीकडं पाहिलं. "पाणी म्हणालतो," ते म्हणाले. "रस्सा म्हणालो न्हाई."

ह्याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारण्यात घालवली. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्पीवर हात ठेवायचा, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, भाव पुकारायचा आणि घोळक्यातून कुणी 'व्हय' म्हटलं की विषय संपला. मागाहून तो व्यापारी 'मी नुसता खोकललो' असं शपथेवर सांगत आला तरी गूळ त्याच्याच गाडीत चढायचा. "बोलला तो सौदा," हे साडूंचं वाक्य. यार्ड सुटलं, पण वाक्य आणि आवाज दोन्ही घरी आले. मंगळवार पेठेतल्या घरी ते जेवताना मीठ मागतात तेव्हा शेजारच्या दोन घरांतून मीठ येतं. आणि त्यांच्या पत्नीचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, आवाज कसा आहे हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. ताई बोलतात असं दिसायचं.

इथं कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं व्याकरण सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा व्याकरणाचा आहे. आमच्याकडं नुसतं 'व्हय' म्हणजे हो. 'व्हय?' म्हणजे बोल पुढं, पण जपून. 'असं व्हय!' म्हणजे आता तू गेलास. आणि 'की'. 'जेवा की' म्हणजे आग्रह. पण तोच 'की' चढ्या आवाजात आला, 'न्या की! ठेवा की! बसा की माझ्या डोक्यावर!' असा, तर त्याहून कडक नकार मराठीत नाही. कोल्हापुरात असं ऐकून आजवर कुणी कुणाच्या डोक्यावर बसलेलं नाही.

साडूंना एक थोरली बहीण आहे. तिला सगळे अक्का म्हणतात. ती सीमेकडच्या गावात राहते, माहेर आणि सासर एकाच गल्लीत. तिकडच्या बोलीत कानडी मिसळलेलं, म्हणून ती ह्यांना तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ; नातवंडं झालेल्या ह्या गृहस्थाला जगात दुसरं कुणी धाकटं म्हणत नाही. अक्काचे कान गेलेत. सुनेचं बोलणं ती ओठांवरून ओळखते, देवळातली घंटा तिला हालताना दिसते. ऐकू येतो तो एकच आवाज, तिच्या भावाचा. त्यामुळं रोज दिवेलागणीला साडू तिला फोन लावायचे आणि दोघं भांडायचे. विषय ठरलेला. लहानपणी दारात म्हैस होती, तिचं नाव काशी, असं साडू म्हणायचे. गंगी, असं अक्का म्हणायची. ह्यावर दोघांनी इतकी वर्षं काढली आहेत की त्या म्हशीच्या पणत्यासुद्धा आता हयात नसतील. मी हे भांडण अनेकदा ऐकलं आहे. फोन नसता तरी ते ऐकू गेलं असतं, असं मला वाटायचं. ह्यात माझं चुकलं.

एका संध्याकाळी प्रकरण जरा वाढलं. साडू म्हणाले, "तुला म्हशीतलं काय कळतंय? तू तर बकरीलाबी भ्यायचीस!" त्यावर अक्का म्हणाली, "आता तू बोलूच नगंस माझ्यासंगं." साडू हसले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी, केवळ योगायोगानं, नवा फोन घेऊन आले.

त्यांचा जुना बटणांचा फोन खलबत्त्यासारखा होता, आणि त्यावर खलबत्त्याइतकाच विश्वास टाकता येत असे. पण राजारामपुरीत एका कंपनीनं काचेचं भलंमोठं दालन उघडलं होतं. दुकान म्हणायचं नाही, दालन. तिथं 'संवाद सोहळा' नावाची योजना होती: जुना फोन द्या, नवा जवळजवळ फुकट न्या, फक्त आमची जोडणी दोन वर्षं सोडायची नाही असा करार करा. साडूंना स्वस्ताईचा मोह नव्हता. दारात एका मुलीनं त्यांच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि "सर, आपलं स्वागत आहे" असं म्हटलं. सर म्हणणाऱ्याला नाही म्हणायची सवय त्यांना मार्केट यार्डात लागलेली नव्हती. तिथं त्यांना कुणी सर म्हटलेलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी अक्काला फोन लागला. तिकडून "तम्मा? तम्मा काय रं?" असं ऐकू आलं. साडूंनी बोलायला सुरुवात केली. तिकडं काही पोचेना. त्यांनी आवाज चढवला. गल्लीतली कुत्री उठली, समोरच्या घरातला दिवा लागला, पण अक्का "तम्मा? बोल की" एवढंच म्हणत राहिली, आणि मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग तिनं फोन उचलायचं सोडलं आणि तो ज्वारीच्या कोठीत टाकून दिला.

तिच्या सुनेनं ताईंना फोन करून सांगितलं ते असं: अक्का म्हणते, मी बोलू नको म्हणाले, त्यानं पाळलं. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. आणि वर रोज फोन लावून गप्प बसतो, म्हणजे मला दाखवतो, बघ, पाळतोय. फोन बिघडलाय म्हणून सांगितलं तर अक्का म्हणाली, बिघडलेला फोन हातात थरथरतो व्हय? नवा फोन कधी बिघडतो व्हय? दिवेलागणीला उंबऱ्यावर येऊन बसते, नंतर जेवायला नको म्हणते. भाकरी ताटात वाळते.

ताईंनी हा निरोप जेवताना दिला. त्या वाढायला साडूंपाशी वाकल्या होत्या, ओठ हलले तेवढे मला दिसले. पण साडूंना तो नीट ऐकू आला, कारण ते पहिल्यांदाच गप्प होते, आणि त्यांच्याकडून तो मला कळला. मी म्हणालो, "ताईंच्या फोनवरून बोला, नाहीतर उद्याच्या एसटीनं जाऊन या, झालं." ते उसळले. "बोलून काय सांगू? फोन बिघडलाय? मला खोटा पाडंल ती! ज्यांनी बिघडका फोन दिला त्यांनी सांगायचं! तोंडानं सांगायचं, तिच्या कानात! आन् मग हा फोन त्यांच्याच टकुऱ्यात घालून करार मोडून येतो."

आधी त्यांनी ताईंच्या फोनवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथं एक यंत्रबाई होती. तिनं मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा असं बराच वेळ दाबायला लावलं आणि मग एका खऱ्या मुलीकडं दिलं. मुलगी अतिशय गोड होती. तिच्यापुढं कागदावर लिहिलेलं असणार, ते सोडून ती बोलेना. साडू म्हणाले, फोन परत घ्या, करार रद्द करा. ती म्हणाली, "सर, तुम्ही आमचे मौल्यवान ग्राहक आहात. करार सुरू ठेवून मुदत एक वर्षानं वाढवली तर तुम्हाला खास सवलत मिळेल. वाढवू का?" साडूंनी एक श्वास घेतला. मी समोर होतो, आणि पुढं काय येणार ते मला कळलं. "व्हय की!" ते गरजले. "चालू ठेवा की! वाढवा की! एक वर्षानं कशाला, मी मरस्तोवर वाढवा! तिरडीला बांधा माझ्या तुमचा फोन! व्हय!" मुलगी म्हणाली, "धन्यवाद सर, आपला दिवस आनंदात जावो." साडूंनी फोन ठेवला आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवला. "सांगितलं की न्हाई कडक?" मीही मान हलवली. मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. मीही इथलाच.

मग आम्ही दालनात गेलो. आत इतकी थंडी होती की रागसुद्धा गारठावा. टोकन घेऊन बसायचं होतं. साडू उभे राहिले. बऱ्याच वेळानं व्यवस्थापक आले. टाय, कानात फोनची दोरी, छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर 'ग्राहक आनंद प्रमुख' असं लिहिलेलं. ह्या हुद्द्याचा माणूस मी याआधी पाहिलेला नव्हता. आमच्या ओळखीतल्या एकाही ग्राहकाला प्रमुख नेमावा इतका आनंद कधी झालेला नाही.

"सर, झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"दिलगिरी नगं, पावणं," साडू म्हणाले. "खोट हाय म्हणा. फोन परत घ्या, करार मोडा, आन् माझ्या बहिणीला एकदा तोंडानं सांगा, फोनात खोट हाय म्हणून. सून कोठीतला फोन काढून तिच्या कानाला लावती. घसा फाडून वरडा, म्हंजे एकांदा शब्द जाईल तिच्या कानात. पैसं नगंत मला. एक वाक्य द्या."

"सर, मी तुमची भावना समजू शकतो."

"भावना समजाय नगं रं बाबा! आवाज समजाय पायजे!"

"सर, कंपनीच्या धोरणानुसार आम्हाला तपासणीशिवाय तसं म्हणता येत नाही."

"मग तपास की!"

हा 'की' आग्रहाचा होता आणि आनंद प्रमुखांना तो बरोबर कळला. त्यांनी माझ्या हातात दुसरा फोन दिला आणि मला काचेच्या भिंतीपलीकडं उभं केलं. मग साडूंचा फोन तोंडाशी धरून ते हळूच म्हणाले, "हॅलो, हॅलो." माझ्या कानात ते देवघरातल्या घंटीसारखं वाजलं. मग फोन साडूंकडं गेला. साडू म्हणाले, "आरं, ऐकू येतंय का न्हाई?" काच थरथरली. गुलाबवाल्या मुलीच्या हातातली फुलं खाली पडली. रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. मला ते सगळं भिंतीतून स्वच्छ ऐकू आलं. फोनातून एक अक्षरही आलं नाही.

मी आत येऊन तसं सांगितलं. साडूंचा चेहरा विजयानं फुलला. "बघा! खोट!"

"नाही सर," आनंद प्रमुख म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "हे ह्या फोनचं खास वैशिष्ट्य आहे. आजूबाजूचा गोंगाट तो आपोआप पुसून टाकतो आणि फक्त माणसाचा आवाज पुढं पाठवतो. तुमचा आवाज त्याला, म्हणजे..."

"बोल."

"गोंगाट वाटतोय, सर."

उभ्या आयुष्यात साडूंना पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. त्यातलं त्यांनी काहीही ऐकून घेतलेलं नाही. पण यंत्राला काय म्हणणार? त्यांनी फोनकडं पाहिलं, मग टायकडं, आणि म्हणाले, "करार मोडा."

आनंद प्रमुखांनी संगणकात पाहिलं आणि दिलगीर चेहरा केला. "सर, तुम्ही स्वतःच करार सुरू ठेवायला सांगितलंय. मुदतही वाढवलीय. ध्वनिमुद्रण आहे." आणि कुणी मागितलं नसताना त्यांनी ते लावलं. दालनाच्या भिंतींत बसवलेल्या, एरवी संथ संगीत वाजणाऱ्या कर्ण्यांमधून साडूंचा आवाज बाहेर आला: "व्हय की! चालू ठेवा की! वाढवा की!" तिरडीपर्यंत सगळं.

रांगेतली माणसं पोट धरून हसली. एक फेटेवाले आजोबा पुढं येऊन म्हणाले, "आवो सायब, ह्यो नकार हाय. शेंबडं पोरगंबी सांगंल." मागून एक बाई म्हणाल्या, "व्हय की, आमच्यात असंच न्हाई म्हणत्यात." सगळी रांग साडूंच्या बाजूनं होती. त्यांनी नुसतं 'मी रागात बोललो' असं म्हणायचं होतं. पण साडू हसत नव्हते. ते कर्ण्याकडं मान वर करून बघत होते. स्वतःचा आवाज बाहेरून त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

"ह्यो मी?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"रोज असाच बोलतो मी?"

 ते टेबलाशी गेले, फोन उचलून खिशात घातला आणि म्हणाले, "बोललोय. बोलला तो सौदा. ऱ्हाऊ दे करार."

तेव्हा राग मला आला. माझा राग सहसा सुशिक्षित असतो, तो मनातल्या मनात पूर्ण वाक्यं रचतो आणि घरी येतो. पण त्या दिवशी मी त्या टायला म्हणालो, की ज्या कंपनीला होकार आणि नकार ह्यातला फरक कळत नाही, तिनं माणसांच्या बोलण्याचा धंदा करू नये. की हा माणूस तुमच्याकडं पैसे नाही, एक वाक्य मागत होता, आणि तेवढंही तुमच्या दालनात शिल्लक नाही. की गुळाच्या बाजारात तुम्ही एक सकाळही टिकला नसता. अजूनही बरंच म्हणालो. माझा आवाज चढला होता असं नंतर साडूंनी कौतुकानं सांगितलं. आनंद प्रमुखांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर," ते म्हणाले, "मी तुमचीही भावना समजू शकतो."

बाहेर उन्हात आल्यावर साडू पायरीवर थांबले. "अक्का रागातच म्हणालती की," ते म्हणाले. "बोलू नगंस म्हणून."

"हो."

"मी धरलं न्हवतं."

"हो."

"तिला वाटतंय, धरलं." ते रस्त्यावर उतरले. मग रिक्षाला हात करत ओरडले, "स्टँड!" आणखी दोन रिक्षा थांबल्या.

दिवेलागणीला आम्ही त्या गावात उतरलो. अक्का उंबऱ्यावर बसलेली होती. भावाला पाहून तिनं तोंड फिरवलं. साडू अंगणाच्या मध्यावर उभे राहिले. सौदा पुकारायला राहायचे तसे, एक हात पुढं करून, फक्त हाताखाली गूळ नव्हता.

"अक्का! फोनात खोट हुती!"

अक्कानं मान वळवली नाही, पण तिचा हात कानापाशी गेला. ऐकू आलं होतं. "कसली खोट?" ती म्हणाली. "थरथरत हुता की!"

आता आली का पंचाईत. साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. रागातही जमत नाही. "त्यो," ते ओरडले, आणि गल्लीत दारादारात माणसं आली, "त्यो माझा आवाज गोंगाट समजतोय!"

अक्कानं सावकाश तोंड ह्यांच्याकडं केलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, तोंडावर पदर धरून, दात नसलेलं, मनसोक्त. "मग तम्मा," ती म्हणाली, "फोन चांगला हाय की!"

हा 'की' कुठला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. साडू भडकले. ते म्हणाले की लहानपणापासून तू माझी बाजू कधी घेतली नाहीस, तुला साधं म्हशीचं नाव धड आठवत नाही. अक्का म्हणाली, गंगी. साडू म्हणाले, काशी. सुनेनं आतून ताट आणून तिच्यापुढं ठेवलं, आणि भांडता भांडता अक्का भाकरी मोडून खायला लागली. मी ओसरीवर बसून राहिलो. समोरच्या गोठ्यात कुणाची तरी जनावरं आवाजानं कान हालवत होती.

तेव्हापासून साडू दर गुरुवारी एसटीनं तिकडं जातात, अंगणात उभं राहून ओरडतात आणि शेवटच्या गाडीनं घसा बसवून परत येतात. अक्काचा फोन अजून कोठीतच आहे, तोंडासमोर भांडायची गोडी फोनात नाही म्हणते. करार चालू आहे. बिल वेळेवर जातं. बोलला तो सौदा. अलीकडं अक्का थकली आहे. कधी कधी भांडताना मध्येच डोळे मिटते, तेव्हा साडू हात तसाच पुढं धरून थांबतात, आणि तिनं डोळे उघडले की तिथूनच पुढं सुरू करतात. गुरुवार चुकलेला मला आठवत नाही. पाऊस असला तर छत्री धरून ओरडतात.

तो फोन आता ताई वापरतात. गेल्या गुरुवारी त्यांनी मला फोन केला, सहजच, साडू गाडीत बसले हे कळवायला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक, गोड आणि फार स्वच्छ आहे. बोलता बोलता मी त्यांना विचारलं की म्हैस काशी का गंगी, तुमच्या सासूबाई कधी काही बोलल्या होत्या का.

"बोलल्या होत्या की," ताई म्हणाल्या. "म्हैस शेजाऱ्यांची होती."